कागदावरचं यंत्र

बसा.

खुर्ची असेल तर खुर्चीत, सतरंजी असेल तर सतरंजीवर. पाठ टेकवली तरी चालेल.

लॅपटॉप मिटा. झाकण खाली येतानाचा तो बारीक आवाज ऐका. वर पंखा फिरतोय. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावतंय. लावू द्या.

समोर टेबल आहे. टेबलावर तीन पुस्तकं. एक चांगलंच जाड, दोन बेताची.

दिव्याच्या उजेडाचा गोल तिन्हींवर पडलाय.

एवढ्यात उघडू नका. नुसतं पाहा.

जाड पुस्तकाच्या कडा हाताळून मऊ झाल्यात. खालच्या कोपऱ्यावर चहाचा अर्धा गोल आहे. तो माझा.

मी प्रोग्रामर आहे. दिवसा कोड लिहितो. रात्री, गेली दोन वर्षं, एक तांत्रिक पुस्तक लिहितो, मराठीतून. जाड पुस्तक त्या कामाचं. उरलेली दोन विज्ञानकथांची. घरचे विचारतात, कामाच्या टेबलावर गोष्टीची पुस्तकं कशाला?

उत्तर मला नीट देता आलेलं नाही. आजही देणार नाही. तुम्हाला फक्त दाखवतो.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

आता जाड पुस्तकावर तळहात ठेवा.

गार लागतं. मग हळूहळू हाताच्या उबेला येतं.

हा 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'चा पहिला खंड. लेखक डोनाल्ड कनूथ. १९६२ साली, चोविसाव्या वर्षी, त्यांनी पुस्तकाचा करार केला. एकच पुस्तक, बारा प्रकरणं. पहिला खंड १९६८ साली आला. दुसरा १९६९, तिसरा १९७३. चौथ्याचे दोन भाग २०११ आणि २०२२ साली. सातवं प्रकरण अजून चालू आहे.

हे आकडे मनात ठेवायची गरज नाही. त्यांच्यामधली अंतरं तेवढी जाणवू द्या. एक वर्ष. चार वर्षं. अडतीस वर्षं.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

पहिल्याच प्रकरणात एक यंत्र आहे. त्याचं नाव मिक्स.

हे यंत्र कुठल्या कारखान्यातून आलेलं नाही. त्याला वायर नाही, प्लग नाही. ते कागदावर राहतं. कनूथनी ते शिकवण्यासाठी कल्पिलं, आणि मग शेकडो पानं त्याच्या नियमांनी चालवली.

नावाचीही गंमत आहे. एम, आय, एक्स हा रोमन आकडा म्हणून वाचला तर होतात १००९. त्या काळातल्या सोळा खऱ्या संगणकांच्या नावांमधले आकडे घेऊन सरासरी काढली, अपूर्णांक सोडून दिला, तर ती १००९ आली. आली की आणली, ते तुम्ही ठरवा.

आपण ते यंत्र मनात उभं करू. सावकाश.

डोळे मिटा. वाचायचंय, म्हणून अर्धेच मिटा.

जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात भिंतभर लाकडी खण असतात. लहान, एकसारखे, प्रत्येकावर चिठ्ठी. तशी एक भिंत आणा डोळ्यांसमोर.

चार हजार खण.

पहिल्यावर चिठ्ठी आहे, ०. शेवटच्यावर, ३९९९.

भिंतीसमोर उभे राहा. लाकडाचा वास घ्या. मिक्सला वास नाही, मला ठाऊक आहे. तरी घ्या.

कुठलाही एक खण ओढा. आत सहा जागा आहेत. अगदी डावीकडे एक चिन्ह, अधिक किंवा उणे. मग ओळीनं पाच बाइट.

बस, एवढंच.

चिन्ह वेगळं ठेवलंय, म्हणून इथे शून्यही दोन तऱ्हेचं असतं. अधिक शून्य आणि उणे शून्य. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली तर यंत्र म्हणतं, सारखीच आहेत. पण खणात पाहिलं तर चिन्ह वेगळं दिसतं.

दोन्ही शून्यांकडे जरा पाहत राहा.

आता एकाच बाइटकडे या. या इवल्या जागेत किती वेगवेगळ्या किमती मावतात?

कनूथ सांगत नाहीत.

किमान ६४ मावतात, कमाल १००. त्यामधलं काहीही असेल. यंत्र आतून द्विमान आहे की दशमान, हेही सांगत नाहीत. आपण असा प्रोग्रॅम लिहायचा, की आत काहीही असलं तरी तो बरोबर चालेल.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो होतो. पाठ्यपुस्तक आहे, सांगून टाका ना.

आता त्या न सांगितलेल्या जागेपाशी बसायला आवडतं.

तुम्हीही बसा. चौसष्ट आणि शंभर यांच्यामध्ये कुठेतरी. नेमकं कुठे, ते माहीत नसताना.

श्वास येऊ द्या. जाऊ द्या.

या यंत्रात प्रत्येक आज्ञेला वेळ लागतो. बेरजेला दोन एकक. गुणाकाराला दहा. भागाकाराला बारा.

एक एकक म्हणजे किती वेळ? तेही सांगितलेलं नाही.

मग आजच्यापुरतं आपण ठरवू. एक एकक म्हणजे तुमचा एक श्वास. आत आणि बाहेर मिळून एक.

आता सगळे खण रिकामे करा.

घाई नको. हात फिरवा, जुने आकडे पुसा. प्रत्येक खणात अधिकचं चिन्ह राहू द्या आणि पाच शून्यं.

भिंत शांत झाली.

या यंत्रात खणातल्या पाचव्या बाइटवरून कळतं, काय करायचं ते. तिथे शून्य असेल तर आज्ञा अशी, काही करू नको, पुढच्या खणाकडे जा. प्रोग्रामर तिला 'नॉप' म्हणतात.

म्हणजे रिकामा खण हीसुद्धा आज्ञाच झाली. आणि काही न करण्यालाही एक एकक लागतं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एका रात्री तक्ता पाहता पाहता लक्षात आलं, आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

चला, चालू या.

खण ०. उघडा. रिकामा आहे. एक श्वास.

खण १. रिकामा. एक श्वास.

खण २. इथे काहीतरी असेल असं वाटलं का? नाही. एक श्वास.

खण ३. एक श्वास.

मिनिटाला पंधरा श्वास धरले, तर शेवटच्या खणापाशी पोचायला साडेचार तास लागतील. आपण इतकं जाणार नाही. बोट खण ३ वर राहू द्या.

इथे थोडं माझं.

माझ्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात लूप शिकवलेत. एका गणिताच्या उत्तरात मी एकनं चुकलो. शून्यापासून मोजायचं ते एकपासून मोजलं. आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक. खर्डा वाचायला दिला होता एका विद्यार्थिनीला. तिनं त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं बारीक गोल केला. शेजारी काहीच लिहिलं नाही.

मी उत्तर दुरुस्त केलं. गोल खोडलेला नाही.

तो गोल आता माझ्यासमोर आहे. अगदी हलक्या हातानं काढलेला. उजेड तिरका पडला तरच दिसतो.

तुमच्याही एखाद्या चुकीभोवती कुणीतरी असा गोल केला असेल. तो आठवतो का पाहा. नाही आठवला तरी हरकत नाही.

जाड पुस्तकावरचा हात उचला. तळव्याला त्याची कडा अजून जाणवतेय.

आता दुसरं पुस्तक जवळ घ्या.

टेड चँग. अमेरिकेतले विज्ञानकथाकार. शिक्षण संगणकशास्त्राचं, आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच्या धंद्यात तांत्रिक लेखकाची नोकरी. पहिली कथा १९९० साली छापून आली. त्यानंतर २०१९ पर्यंत कथासंग्रह दोनच.

हा दुसरा संग्रह आहे. त्यातली 'एक्झलेशन' ही कथा २००८ सालची. मराठीत म्हणायचं तर उच्छ्वास.

श्वास बाहेर सोडा, आणि नाव पुन्हा मनात म्हणा. उच्छ्वास.

या कथेतली माणसं धातूची आहेत. त्यांची फुप्फुसं ॲल्युमिनियमची. रोज दोन रिकामी फुप्फुसं काढायची, दोन भरलेली बसवायची. भरायच्या जागी लोक जमतात, गप्पा मारतात. नळावर पाणी भरताना मारतात तशाच.

एक दिवस घड्याळांचा मेळ बसेना. दर वर्षी बरोबर तासाभरात संपणारं एक पठण यंदा लांबलं, टोले आधी पडले. घड्याळं तपासली. त्यांत काही बिघाड नाही.

गोष्ट सांगणारा शरीरशास्त्राचा अभ्यासक आहे. तो दार लावून घेतो. लोलक मांडतो. आणि स्वतःचंच डोकं मागून उघडतो.

इथे थांबा. पुढे जायची घाई करू नका.

आत काय दिसतं? सोन्याचे अगदी पातळ वर्ख. इवल्या बिजागऱ्यांवर टांगलेले. वारा वाहतो, म्हणून ते आपापल्या जागी तरंगत राहतात. आठवण कुठे कोरलेली नाही. वाहत्या वाऱ्यात वर्ख ज्या ठेवणीनं तरंगतात, ती ठेवण म्हणजेच आठवण.

वारा थांबला, की वर्ख खाली पडतात. ठेवण पुसली जाते.

एक वर्ख डोळ्यांसमोर आणा. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पाहिलाय ना, नुसत्या फुंकरीनं उडणारा. तसाच, पण सोन्याचा.

त्याच्यावर हलकीशी फुंकर घाला.

तो हलतो. राहतो.

पुन्हा.

तो हलतो. राहतो.

मिटलेल्या लॅपटॉपकडे एकदा पाहा. त्याच्या मेमरीतही असंच काहीसं चालतं. प्रत्येक बिट म्हणजे विजेचा इवलासा साठा, आणि तो गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत यंत्र तो वाचतं आणि पुन्हा भरतं. तुम्ही एक श्वास घेता, तेवढ्यात साठ-एक वेळा.

घड्याळांचं काय झालं, ते कथेतच वाचा. मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्या अभ्यासकाचा हात कुठेही थरथरत नाही. आधी काय सोडवलं, मग काय बाजूला केलं, लोलक कुठे वळवला, सगळं क्रमानं. वाचताना वाटतं, हत्यारं असती तर आपणही हे करू शकलो असतो. कृती कशी लिहावी, याचा इतका चांगला नमुना मला आमच्या तांत्रिक पुस्तकांत क्वचित सापडलाय.

खण ४. रिकामा. एक श्वास.

खण ५. एक श्वास. हा जरा लांब घ्या.

शेजारची भांडी थांबली वाटतं. पंखा ऐकू येतोय. मध्येच एक बारीक खट्, मग पुन्हा घरघर.

तिसरं पुस्तक.

हे तुमच्याही घरात असेल. जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'.

उघडू नका. कानाशी धरा. लहानपणी शंख धरायचो तसं.

१९७४ साल आहे. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा आहे. नारायण विनायक जगताप या नावानं एक कथा येते, 'कृष्णविवर'. तिला पहिलं बक्षीस मिळतं. जगताप नावाचे असे कुणी नसतातच. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी लावलेली असतात. हस्ताक्षर कुणी ओळखू नये, म्हणून कथा उतरवून दिलेली असते मंगला नारळीकरांनी. त्या स्वतः गणितज्ञ.

ते टेबल डोळ्यांसमोर आणा.

एक जण सांगतोय, एक जण लिहितेय. की आधी कच्चं लिहिलेलं समोर ठेवून उतरवणं चाललंय? आपण तिथे नव्हतो. कागदावर पेन फिरल्याचा आवाज मात्र होत असणार. तो ऐका.

गणिताची सवय असलेला हात. कृष्णविवराची गोष्ट. न जन्मलेल्या माणसाचं नाव.

ऐका.

याच नारळीकरांनी विश्वरचनाशास्त्राचं पाठ्यपुस्तकही लिहिलं. जगभरचे विद्यार्थी ते वाचतात. त्यांचं जन्मसाल १९३८. कनूथ यांचंही तेच. यातून काही काढायचं नाही. मला आवडतं, म्हणून सांगितलं.

आणि कनूथनीही गोष्ट लिहिलीय. ओस्लोच्या हॉटेलात, आठवडाभरात. ती १९७४ सालीच छापून आली. 'सरिअल नंबर्स'. समुद्रकिनारी राहणारे दोघं जण, त्यांना सापडलेला एक दगड, दगडावर कोरलेले संख्यांचे नियम. संख्या जॉन कॉनवे यांनी शोधलेल्या. गणित पक्कं, गोष्ट काल्पनिक.

खण ६. एक श्वास.

आता तिन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवा. त्यांच्यामध्ये बोटभर जागा राहू द्या.

त्या जागेत मला एक कागद ठेवायचाय. माझ्याकडे तो नाही. मिळावा अशी फार इच्छा आहे.

कनूथ यांच्या पुस्तकात चूक सापडली आणि ती तुम्ही पहिल्यांदा कळवली, तर ते २ डॉलर ५६ सेंट देतात. २५६ सेंट. सोळा गुणिले सोळा. बक्षिसाचा चेक लोक बँकेत भरत नाहीत, फ्रेम करून लावतात. २००८ पासून तर तो खऱ्या बँकेचा नसतोच. 'बँक ऑफ सॅन सेरिफ'चा असतो. आणि सॅन सेरिफ हा देश 'गार्डियन' या ब्रिटिश वर्तमानपत्रानं १९७७ च्या १ एप्रिलला वाचकांची फिरकी घेण्यासाठी रचला होता. त्याची बेटं अर्धविरामाच्या आकाराची.

चूक खरी. बक्षीस खरं. बँक एका नसलेल्या देशातली.

तो कागद हातात आहे असं समजा. सही पाहा. आकडा पाहा. कागदाची कड अंगठ्याखाली येऊ द्या.

राहा थोडा वेळ.

त्याच १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं कनूथ यांच्या हाती आली. अक्षरं बघवेनात. मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि पुस्तक जुळवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याचं नाव टेक. त्या कामात दहा-एक वर्षं गेली. गणिताची पुस्तकं आज जगभर त्यावर जुळवली जातात.

माझ्या दोन वर्षांचं मला काही वाटेनासं होतं, ते इथे.

खण ७. एक श्वास.

आता शेवटचं.

खण ८ उघडा. हा रिकामा ठेवायचा नाही. यात आपण लिहू.

अधिकचं चिन्ह. मग ०. मग ०. मग ०. मग २. मग ५.

सावकाश लिहा. पेन्सिलीनं लिहिलं तरी चालेल.

मिक्सच्या भाषेत याचा अर्थ, थांब.

काही न करायला एक एकक लागतं. थांबायला दहा.

तर दहा श्वास घ्या. मी मोजत नाही. तुम्हीच मोजा.

यंत्र थांबलंय. पुन्हा सुरू केलं, तर मध्ये काहीच घडलं नाही असं समजून ते पुढच्या खणापासून चालू लागेल. तसा नियमच आहे.

दिवा राहू द्या. पुस्तकं तिथेच असू द्या. उठायचं असेल तर उठा.

रिकामे खण ० ते ७, त्यांचे आठ श्वास. थांबण्याचे दहा. एकूण अठरा झाले. मोजण्यात माझी चूक सापडली, तर पेन्सिलीनं गोल करून कळवा.